जिरे, बीज, बोटुकली : माशाचं बालपण मोजायचं कशानं?

पाऊस स्थिरावला की गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीत बीजाची धावपळ सुरू होते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नाथसागर जलाशयाच्या काठी, पैठणला मत्स्यबीज केंद्र आहे. मच्छीमार संस्था आणि शेततळेवाले या दिवसांत जिरे घ्यावेत की बोटुकली, याचा हिशेब मांडत असतात.

मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली आणि बोटुकली ही माशाच्या बालपणाची व्यवहारातली चार नावं. जिऱ्याच्या दाण्याएवढं, सहा-आठ मिलिमीटरचं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. साधारण इंचभर झालं की मत्स्यबीज, बोटाएवढं झालं की बोटुकली, आणि मधली ती अर्धबोटुकली. सगळा हिशेब लांबीचा. यातल्या जिऱ्याएवढ्या पिलाला जीवशास्त्रात डिंभ, म्हणजे लार्व्हा म्हणतात, पण तिथे नुसती पट्टी लावून भागत नाही. या पिलाला आता काय काय जमतं, हा तिथला खरा प्रश्न असतो.

कटला, रोहू, मृगळ हे आपल्या तळ्यांतले मुख्य मासे. पण साठलेल्या पाण्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. त्यामुळे एके काळी बीज नदीतून गोळा करावं लागे आणि त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. १० जुलै हा आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या तंत्रामुळे अंड्यापासून बोटुकलीपर्यंतचा सगळा प्रवास माणसाच्या डोळ्यांदेखत होऊ लागला.

तो जवळून बघण्यासारखा आहे. फलित झालेलं अंडं पाणी शोषून फुगतं आणि पारदर्शक दिसतं. २७ ते ३० अंश तापमानाच्या पाण्यात १४ ते १८ तासांत त्यातून जेमतेम पाच मिलिमीटरचं पिल्लू बाहेर पडतं. तोंड उघडलेलं नसतं, सुटे पर नसतात, पोटाशी फक्त पीतकाची पिशवी असते. ही शिदोरी साधारण तीन दिवस पुरते. ती संपत आली की तोंड उघडतं, आणि पाण्यातले सूक्ष्म प्राणिप्लवक पिलाला स्वतः पकडून खावे लागतात. जिरे म्हणून ते विकलं जातं ते याच वळणावर. नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये समुद्री माशांबद्दल मांडलं होतं की, एखाद्या वर्षीची पैदास भरपूर की तुटपुंजी हे बरंचसं या पहिल्या घासांवर ठरतं.

पुढचा टप्पा शेपटीचा. डिंभाच्या पाठीतून पृष्ठरज्जू सरळ टोकापर्यंत गेलेला असतो. काही दिवसांनी त्याचं टोक वर वळतं, त्याखाली छोट्या पट्ट्या तयार होतात आणि त्यांच्या आधाराने शेपटीच्या पराचे काटे उभे राहतात. या वळण्याला फ्लेक्शन म्हणतात. त्याआधीचा डिंभ प्रीफ्लेक्शन, नंतरचा पोस्टफ्लेक्शन. एवढ्याशा जिवाला पाण्याचा चिकटपणा फार जाणवतो, वळवळ थांबली की तो जागच्या जागी थांबतो. शेपटी तयार झाली की जोर लावता येतो, भक्ष्याच्या मागे धावता येतं आणि शत्रूपासून पळताही येतं.

टप्प्यांची ही व्यवस्था एका दिवसात ठरली नाही. अमेरिकेच्या कार्ल हब्ज यांनी १९४३ मध्ये नावांची घडी बसवली, तेव्हा पीतक संपेपर्यंत प्रोलार्व्हा आणि त्यानंतर पोस्टलार्व्हा अशी विभागणी होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या एल्बर्ट आल्स्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपटीच्या वळणाला महत्त्व दिलं. वयावर विसंबता येत नाही, कारण पाणी गार असेल तर वाढ रेंगाळते, उबदार असेल तर झपाट्याने होते. गर्दीच्या तळ्यात तर एकाच दिवशी जन्मलेली भावंडंही लहानमोठी निघतात.

जिरे किती दुबळे असतात, हे संगोपन तळ्यात कळतं. पाठीवर उलटे पोहणारे किडे आणि पाणभुंगे त्यांचा फडशा पाडतात. म्हणून जिरे सोडण्याआधी पाण्यावर तेल आणि साबणाचं मिश्रण पसरतात. श्वासासाठी पृष्ठभागावर येणारे किडे त्या तवंगाखाली गुदमरून मरतात. चतुराची पाण्यातली पिल्लं मात्र या उपायाला दाद देत नाहीत. त्यांचे कल्ले शरीराच्या मागच्या टोकात असतात आणि ती पाण्यातूनच श्वास घेतात. ती जाळ्याने काढावी लागतात. अशी राखण झाली तर पंधरा-वीस दिवसांत जिऱ्यांचं मत्स्यबीज होतं आणि आणखी दोन-तीन महिन्यांत बोटुकली.

नाथसागरासारख्या जलाशयात अशी राखण शक्यच नाही. तिथे मरळ आणि शिवडा टपलेले असतात, म्हणून ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली सोडावी असं मत्स्यशास्त्र सांगतं. या लांबीला अर्थ आहे तो शेपटी, पर, खवले आणि पोहण्याची ताकद यांमुळे. तयार केलेल्या, किडे काढलेल्या छोट्या तळ्यात जिरे वाढवणं फायद्याचंच आहे. पण स्वस्त पडतात म्हणून लाखभर जिरे थेट धरणात सोडले, तर सोय मरळी-शिवड्यांची होते, मच्छीमारांची नाही.