पीतज्वराचा धोका आणि बोरगाव मेघेतील कूलर

एखाद्या प्रदेशाला पीतज्वराचा धोका किती, हे ठरवताना विषाणू, तो वाहून नेणारा डास आणि प्रतिकारशक्ती नसलेली माणसे या तिन्हींचा एकत्र विचार करावा लागतो. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीत यांपैकी विषाणूच तेवढा नाही आणि तेथील सुरक्षितता एवढ्यावरच उभी आहे. यकृतावर आघात करून कावीळ आणणारा हा ताप आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आढळतो आणि भारतात तो पसरल्याची नोंद नाही. मात्र शहरांत तो पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास विदर्भाला डेंग्यू व चिकुनगुन्यामुळे पुरेसा परिचित आहे. 1965 साली नागपुरात चिकुनगुन्याची साथ आली, ती याच डासामुळे.

पनामा कालवा 1914 साली खुला होण्यापूर्वीच, जहाजांबरोबर पीतज्वर आशियात उतरेल ही धास्ती ब्रिटिश सरकारला होती. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली तेव्हा प्रथम संशय पीतज्वराचाच आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तो वेगळाच, गोचिडींमार्फत पसरणारा क्यासनूर जंगल ताप असल्याचे दाखवून दिले. डेंग्यूमुळे आलेली अंशतः प्रतिकारशक्ती की येथील डासांची कमी वहनक्षमता, पीतज्वर भारतात न रुजण्याचे नेमके कारण कोणते, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. त्यामुळे निर्धास्त राहणे योग्य ठरत नाही. 2016 साली अंगोलातून परतलेल्या 11 जणांबरोबर हा विषाणू चीनपर्यंत पोहोचलाच होता.

लसीकरणाची व्याप्ती, म्हणजे लोकसंख्येपैकी किती टक्के लोकांनी लस घेतली आहे हे प्रमाण, रोग असलेल्या देशांत निर्णायक असते. साथ रोखण्यासाठी ते किमान 80 टक्के असावे, असे मानले जाते. बोरगाव मेघेत ते जवळजवळ शून्य असणार आणि त्यात वावगे काही नाही, कारण भारतात ही लस केवळ प्रवाशांसाठी आहे. 1937 साली मॅक्स थायलर यांनी सिद्ध केलेल्या या लसीची एक मात्रा आयुष्यभर पुरते, परंतु तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य ठरत असल्याने आफ्रिकेत नोकरीसाठी जाणाऱ्याने ती वेळेत घ्यावी. बाधित देशातून प्रमाणपत्राविना येणाऱ्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाते.

गावाने स्वतः मोजायचे ते वेगळेच. शंभर घरांमागे डासांच्या अळ्या असलेली भांडी किती, हे सांगणारा ब्रेटो निर्देशांक आज डेंग्यूसाठी वापरला जातो, पण त्याचा उगम पश्चिम आफ्रिकेतील पीतज्वराच्या अभ्यासात आहे. तो पाचच्या खाली असल्यास पीतज्वराची साथ पसरणे अवघड मानले जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर अपरिहार्य असतो आणि पावसाळ्यात त्याच्या टाकीकडे कोणी पाहत नाही. एडिसची अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहत असल्याने आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना पाणी नुसते ओतून देऊ नये, टाकी घासून काढावी.