एक इजा, तीन न्यायालये

डॉक्टर आणि वकील यांची गाठ बहुधा नोटिशीच्या निमित्तानेच पडते. त्यामुळे शारीरिक इजेबद्दल भरपाईचे दावे चालविणाऱ्या वकिलांविषयी आपल्या व्यवसायात फारसे ममत्व नाही. तरीही अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या प्रदेशात अशी वकिली कशी चालते, हे वाचताना बालरोगतज्ज्ञ म्हणून मला विचार करण्याजोगे बरेच सापडले.

तेथील वकिलाला आयुष्यभर तीन न्यायव्यवस्थांत वावरावे लागते. सामान्य रस्ता-अपघात किंवा खाजगी रुग्णालयातील हलगर्जीपणा यांचा दावा बहुधा राज्याच्या न्यायालयात चालतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याकडून इजा झाल्यास केंद्रीय न्यायालय गाठावे लागते. शिवाय साडेपाचशेहून अधिक मान्यताप्राप्त जमातींपैकी अनेकींची स्वतःची न्यायालये आहेत. तीन राज्यांत पसरलेल्या नाव्हाहो राष्ट्रात वकिली करण्यासाठी तर तेथील कायद्याची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. त्यांच्या परंपरेतील ‘नाल्येह’ या संकल्पनेत भरपाईबरोबरच दुखावलेले संबंध पूर्ववत करण्याचाही विचार आहे.

कोणत्या न्यायालयाचे दार ठोठवायचे, यावरच पुष्कळदा वर्षे खर्ची पडतात. १९८२ साली माँटानातील क्रो जमातीच्या प्रदेशात, शाळेच्या वाहनतळावर, जमातीच्या एका बालकाला मोटारसायकलची धडक बसली. प्रदेश जमातीचा, परंतु शाळेची जमीन राज्याची! बालकातर्फे जमातीच्या न्यायालयात १,५३,००० डॉलरचा दावा दाखल झाला. त्यात वैद्यकीय खर्च अवघा ३,००० आणि बाकीची रक्कम वेदना व यातनांची. शाळेतर्फे कोणी हजर न राहिल्याने एकतर्फी निकाल लागला. मग शाळा आणि तिची विमा कंपनी केंद्रीय न्यायालयात गेल्या. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जमातीच्या न्यायालयाचा अधिकार केंद्रीय न्यायालय तपासू शकते. मात्र आधी जमातीच्या न्यायालयाला स्वतः त्याचा निर्णय करण्याची संधी मिळाली पाहिजे. पुढे १९९७ मध्ये, नॉर्थ डकोटातील जमातीच्या प्रदेशातून जाणाऱ्या राज्य महामार्गावरील अपघाताबाबत त्याच न्यायालयाने निराळा कौल दिला. दोन्ही पक्ष जमातीचे सदस्य नसल्याने तो दावा जमातीच्या न्यायालयात चालू शकत नव्हता.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग केंद्रीय दाव्यांचा आहे. मूलनिवासींसाठी केंद्र सरकारची आरोग्यसेवा आहे. तेथील सरकारी डॉक्टरच्या हातून हलगर्जीपणा घडल्यास १९४६ च्या कायद्यानुसार प्रतिवादी डॉक्टर नसून खुद्द अमेरिकी सरकार असते. प्रथम संबंधित खात्याकडे दोन वर्षांच्या आत लेखी मागणी करावी लागते. पुढे खटला उभा राहिला तर ज्युरी नसते आणि वकिलाचे शुल्क २५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. आपल्याकडे १९६३ च्या मुदत कायद्यान्वये अज्ञान मुलाला दिवाणी दाव्यासाठी सज्ञान होईपर्यंत सर्वसाधारणपणे सवलत मिळते. तेथे मात्र मूल लहान आहे, एवढ्या कारणाने ही दोन वर्षे थांबत नाहीत.

जन्मावेळी मेंदूला झालेली इजा पुष्कळदा पहिल्या दिवशी पूर्ण कळत नाही. मूल वेळेवर मान धरत नाही, बसत नाही, हातपाय ताठर वाटतात, तेव्हा शंका बळावते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या निकालानुसार इजा आणि तिचे कारण कळल्यापासून मुदत मोजली जाते. म्हणजे बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना समोर बसवून जे सांगतो, त्या दिवसाची त्याच्या कागदावरील तारीख त्या मुलाच्या भवितव्याचा निर्णय करू शकते. निदान धूसर शब्दांत सांगितले, किंवा सांगितल्याची नोंदच केली नाही, तर कुशल वकीलही हतबल ठरतो.

तिन्ही न्यायालयांचे कायदे आणि परंपरा भिन्न आहेत; पण मुलाच्या प्रकृतीचा पुरावा म्हणून प्रत्येकापुढे जाणारे कागद आपल्यासारख्याच कोणा डॉक्टरच्या हातचे असतात. नोंदी स्वतःच्या बचावासाठी ठेवाव्यात, असे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. मला वाटते, बोलता न येणाऱ्या आपल्या रुग्णाची ती एकमेव साक्ष असते, हे कारण त्याहून मोठे आहे.