नवरदेवाच्या खोलीत मुक्काम

२०१८ च्या जानेवारीत केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने जीएसटीच्या शंकांवर एक परिपत्रक काढलं. त्यातली एक शंका हॉटेलांची होती. गिऱ्हाइकाकडून सात हजारच घेतले, पण खोली दिली दहा हजार दराची, तर कर कसा लावायचा? मंडळाचं उत्तर सरळ होतं. कराचा टक्का दहा हजारांच्या खोलीचा, म्हणजे २८, आणि तो लावायचा सात हजारांवर. सात हजारांच्या खोलीला तेव्हा १८ टक्के होते. म्हणजे वरची खोली ‘फुकट’ मिळालेल्या माणसाने सातशे रुपये जादा मोजायचे. त्याच वर्षी जुलैअखेर हा नियम बदलला आणि जाहीर दराऐवजी प्रत्यक्ष घेतलेल्या पैशांवरून टक्का ठरू लागला. पण ते सहा-सात महिने, यजमानाने प्रेमाने वाढलेल्या जिलबीचा हिशेब सरकारने पाहुण्याकडे मागावा, असे गेले.

हे आठवायचं कारण पुणे–बेंगळुरू महामार्ग. जुना राष्ट्रीय महामार्ग चार, आताचा अठ्ठेचाळीस. पुण्यातून निघालं की खंबाटकीचा घाट चढून-उतरून साधारण एकशेदहा किलोमीटरवर सातारा, पुढे पन्नासवर कराड, आणि मग पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्ट्यावरून सांगली. मुंबईहून गोव्याला किंवा बेंगळुरूला गाडीने जाणारी कुटुंबं दुपारी उशिरा निघतात आणि अंधार पडला की याच पट्ट्यात कुठेतरी टेकतात. त्यांच्यापैकी कित्येकांना कधी ना कधी असा अनुभव येतो: आरक्षण साध्या खोलीचं असतं, काउंटरवरचा मुलगा रजिस्टरवरून नजर फिरवतो आणि म्हणतो, “वरचा सूट देतो तुम्हाला, त्याच भाड्यात.” मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात हे घडायला सदस्यत्वाचं कार्ड लागतं, मुक्कामांचे गुण साठवावे लागतात. इथे कार्ड कुणी विचारत नाही. मग हे औदार्य येतं कुठून?

उत्तर शोधायचं तर आधी हे विचारायला हवं, की सातारा-सांगलीतल्या हॉटेलमालकाने सूट बांधलाच कशाला? वाटसरूसाठी तर नक्कीच नाही. रात्री दहाला येऊन सकाळी सातला निघणाऱ्या माणसाला दोन टीव्ही आणि सहा माणसांचा सोफासेट घेऊन काय करायचं असतं? सूट बांधलेला असतो गावासाठी. आणखी नेमकं सांगायचं तर लग्नासाठी.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई उघडते आणि मुहूर्ताच्या तारखा हॉटेलच्या डायरीत मालक स्वतःच्या हाताने लिहितो. मंगल कार्यालयात वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या असतात, पण त्यांत गाद्या घालून माणसं झोपवायची असतात. नवरीचा मेकअप करायला उजेड, आरसा आणि बंद होणारं दार लागतं. नवरदेवाच्या मित्रांना हसायला-खिदळायला जागा लागते. मुंबईहून आलेल्या मामांना खाली बसवत नाही. म्हणून सूट. बाहेरची खोली वऱ्हाडासाठी, आतली जोडप्यासाठी. अशा सूटमध्ये उतरलात तर सोफ्याच्या फटीत हात घालून बघा, अक्षता सापडण्याची शक्यता बरीच. पलंगाच्या मागच्या भिंतीवर चिकटपट्टीचे डाग असतात, ते फुलांच्या माळांचे.

लग्नाखेरीज या खोलीची आणखी गिऱ्हाइकं आहेत. निवडणुकीच्या दिवसांत बाहेरची खोली बैठकीला आणि आतली ‘साहेबांच्या’ विश्रांतीला. साताऱ्याकडे शूटिंगवाले. वाई आणि मेणवली ही हिंदी सिनेमाची जुनी ओळखीची गावं. २००४ चा ‘स्वदेस’ मेणवलीच्या घाटावर आला, २०१० चा ‘दबंग’ वाईत. नंतर मराठी मालिकांनी सातारा परिसरात तळ ठोकला, त्यात ‘लागिरं झालं जी’ सगळ्यांना आठवते. कलाकार सूटमध्ये आणि बाकीचं युनिट मिळेल तिथे, ही वाटणी ठरलेली. कासचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं, तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी साताऱ्यात खोली मिळणं हीच मोठी गोष्ट झाली. त्यात सप्टेंबरमध्ये हिल हाफ मॅरेथॉन. पहाटे यवतेश्वराचा घाट पळत चढायला हजारो माणसं येतात, आदल्या रात्री आठलाच झोपतात, आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात मटणाऐवजी साधा भात संपतो. २०२६ च्या जानेवारीतलं ९९ वं साहित्य संमेलन साताऱ्याचं, आणि संमेलनात मानाची खोली कुणाला हा विषय तर अध्यक्षपदाइतकाच नाजूक असतो.

हे सोडले तर वर्षातले उरलेले दिवस सूट रिकामा. आषाढापासून कार्तिकापर्यंत मुहूर्त नाहीत; मंगळवारी-बुधवारी शूटिंग नाही, पुढारी नाही. त्या रात्री वाटसरू हजर होतो.

आता काउंटरमागचं गणित. तीस खोल्यांचं हॉटेल धरू. वीस ‘डिलक्स’, आठ ‘सुपर डिलक्स’, दोन सूट. (‘साधी खोली’ हा प्रकार आता दरपत्रकात उरलेलाच नाही. सगळ्यात खालची पायरीही डिलक्सच.) मोबाइलवरून खोली शोधणारा माणूस स्वस्तातलीच निवडतो, त्यामुळे डिलक्स आधी संपतात. अनुभवी मॅनेजर वीस डिलक्सवर बावीस-तेवीस आरक्षणं घेतो. एक-दोन माणसं येणार नाहीत हे त्याला ठाऊक असतं. आलीच, तर वरच्या रिकाम्या खोलीत ढकलायची. आजची न विकलेली खोली उद्या दुप्पट दराने विकता येत नाही. भाजीवाला संध्याकाळची मेथी तरी रात्री स्वस्तात काढतो, हॉटेलवाल्याला रात्र उलटली की तेही नाही. उलट तुम्हाला सूटमध्ये चढवलं की एक डिलक्स मोकळी होते, आणि साडेदहाला गाडी लावून विचारणाऱ्या पुढच्या माणसाला ती पूर्ण दराने जाते. त्याला सूट परवडला नसता. सूट साफ करायला वेळ जास्त लागतो, दोन एसी चालतात, तेवढाच काय तो खर्च. शिवाय तुम्ही घरी जाऊन चार जणांना सांगता, ही जाहिरात वेगळीच.

म्हणून आलेल्या माणसांत सूट कुणाला मिळतो यालाही रीत आहे. फोनवरून थेट आरक्षण केलेल्याला आधी, कारण त्यात मध्यस्थ कंपनीला दलाली जात नाही. म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असलेल्याला आधी. एका रात्रीच्या पाहुण्याला आधी, कारण तो परवाच्या लग्नाच्या आड येत नाही. आणि उशिरा येणाऱ्याला, कारण तोवर हिशेब मिटलेला असतो. दुपारी बाराला जाऊन “बघा ना काही चांगली खोली” म्हणणाऱ्याला मिळत नाही. तेव्हा मॅनेजर अजून आशेवर असतो.

या भागात पाहुण्याला खोली देण्याची पद्धत जुनी आहे, आणि ती पहिल्यापासून हुद्द्याप्रमाणे चालत आली. १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरची जागा घेतली, बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं, आणि माल्कमपेठ उभी राहिली. तिथे चढून जाणाऱ्या साहेबांसाठी रस्ते आले, रस्त्यांवर प्रवासी बंगले आले आणि बंगल्यांत खानसामा. सामान्य माणूस धर्मशाळेत किंवा देवळाच्या ओवरीत पथारी टाकत असे. महाबळेश्वरला पावसाळ्यात मुक्काम ही कल्पनाच नव्हती. पाच-सहा हजार मिलिमीटर पावसापासून वाचवायला बंगले गवताच्या ताट्यांनी झाकून माणसं खाली उतरत. आज तिथल्या हॉटेलांचा पावसाळी दर हाच मध्यमवर्गाचा सूट मिळवायचा मार्ग आहे.

प्रवासी बंगल्याचा वारस म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचं शासकीय विश्रामगृह. सातारा, कराड, सांगली, मिरज, सगळीकडे ते आहे आणि जागा बहुधा गावातली उत्तम. उंच छत, मोठी झाडं, रुंद व्हरांडा. तिथेही सूट असतात, पण गणित उलटं चालतं. तुम्हाला ओळखीने आणि रीतसर अर्जाने सूट मिळालेला असतो, जेवण सांगून झालेलं असतं, आणि संध्याकाळी निरोप येतो की मंत्रिमहोदयांचा दौरा लागला. मग बॅगा उचला. खासगी हॉटेलात माणूस वर चढतो, सरकारी विश्रामगृहात खाली उतरतो. सांगली-कराडच्या पट्ट्यात तिसरी सोय सहकारी साखर कारखान्यांच्या अतिथीगृहांची. गाळपाच्या दिवसांत तिथे झोपलेल्यालाच मळीचा वास काय चीज आहे ते कळतं.

आम्हाला सांगलीत सूट मिळाला तो नोव्हेंबरातल्या एका आडवारी. कारण प्रेमाचं नव्हतं, आमच्या खोलीचा एसी बंद पडला होता. हॉटेलचं नाव सांगत नाही. एसी सगळ्यांचेच बंद पडतात. मॅनेजर म्हणाला, “काका, वर कोपऱ्याचा सूट आहे की. चालतंय न्हवं?” चालत होतं. सोनेरी पाय असलेला सोफा, काचेचं टीपॉय, दोन टीव्ही, त्यांतल्या एकाचाच रिमोट चालणारा. न्हाणीघरात टब होता आणि टबात बादली ठेवली होती. बादलीची जागा अगदी योग्य होती, कारण टबाला गरम पाणी पुरलं नसतं. भिंतभर आरसा आणि त्याभोवती दिव्यांची माळ, म्हणजे इथे नवऱ्या सजतात. आमच्या मातोश्रींनी त्या आरशापुढे बसून वेणी घातली आणि चेहऱ्यावर दिवे पडल्याने लाजून हसल्या, एवढ्यासाठी एसी बंद पडला ते बरंच झालं.

झोपेचं मात्र सांगायला हवं. कोपऱ्याचा सूट हा इमारतीचा दर्शनी भाग असतो. आर्किटेक्टने काचा तिथेच लावलेल्या असतात आणि काचांखाली रस्ता असतो. गाळप हंगाम सुरू झाला की सांगलीच्या रस्त्यांवरून रात्रभर उसाचे ट्रॅक्टर जातात. एकामागे दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून टेपवर मोठ्या आवाजात गाणी. अर्ध्या अर्ध्या तासाने एक ट्रॅक्टर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. मागच्या बाजूची, चिंचोळ्या खिडकीची साधी डिलक्स खोली या बाबतीत राजवाडा असते. झोप महत्त्वाची असेल तर सूट नम्रपणे नाकारायला हरकत नाही.

सांगलीपासून दहाएक किलोमीटरवर मिरजेत मुक्कामाचं वेगळंच जग आहे. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं रुग्णालय उभारलं आणि गावाची वैद्यकीय ख्याती कर्नाटकापर्यंत पोचली. स्टेशन आणि दवाखान्यांच्या आसपासच्या लॉजमध्ये उतरणारी बरीच माणसं प्रवासाला आलेली नसतात, कुणाचं तरी ऑपरेशन असतं. मुक्काम आठवड्यांचा, दाराबाहेर वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यात डबा. तिथे वरची खोली म्हणजे तळमजल्यावरची खोली, कारण रुग्णाला जिना चढवायचा नसतो. कन्नड-मराठी दोन्ही बोलणारा व्यवस्थापक ती कुणासाठी राखून ठेवतो, हे पाहिलं की हॉटेल व्यवसायातलं मला तरी सगळ्यात खरं अपग्रेड तेच वाटतं.

पावसाळ्यात या बाजूला निघणाऱ्यांनी खोलीआधी पाणी बघावं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटांत जाहीर होते. ४५ फूट ही धोक्याची रेषा. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीने ती ओलांडली, आणि दोन्ही वेळा कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली. मागे वाहनांच्या रांगा लागल्यावर कुणाला काय खोली, हा प्रश्न उरत नाही. छप्पर मिळालं की पुरे.

आणखी एक विचारून घ्यावं: खोली ‘बारा ते बारा’ आहे की ‘चोवीस तास’? या गावांतल्या बऱ्याच लॉजवर अजून चोवीस तासांची पद्धत आहे. रात्री दहाला आलात तर दुसऱ्या रात्री दहापर्यंत खोली तुमची. सामान ठेवून सकाळी सांगलीचा गणपती, दुपारी मिरजेत सतारमेकरांची गल्ली, येताना भडंग, असा दिवस त्यात बसतो. पण त्याच भाड्यात मिळालेल्या सूटला हा नियम लागेलच असं नाही, ते आधी बोलून घ्यायचं. बिलही बघायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की अठरा. या दोन जिल्ह्यांच्या गावांतले सूट सहसा पहिल्याच गटात बसतात. वरची खोली दिली म्हणून टक्का वाढवायची सोय आता राहिलेली नाही.

आमचं चोवीस तासांचं बोलणं रीतसर झालं होतं. तरी सकाळी साडेआठला फोन वाजलाच. “काका, नाश्ता खाली लावलाय. आणि जमलं तर साडेनऊपर्यंत सूट सोडता का? तुम्हाला डिलक्स देतो, एसी दुरुस्त झालाय. वऱ्हाड पेठ नाक्यापर्यंत आलंय.”