निजलेल्या यंत्राचे भाडे

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा यंत्र एक आणि गरजवंत अनेक अशी स्थिती असल्यामुळे त्याचा वेळ वाटून घ्यावा लागे, आणि तो रिकामा राहिला तर ते कोणाच्याही सहज ध्यानात येई. पुढे संगणक टेबलाटेबलावर आले, आणि एकदा विकत घेतलेले यंत्र रात्री बंद केले काय नि चालू ठेवले काय, विजेच्या बिलापलीकडे त्याची दखल घेण्याचे कारण उरले नाही. हीच सवय घेऊन आपण भाड्याच्या यंत्रांच्या युगात शिरलो, आणि तिची किंमत लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांना, तशीच दादर-गिरगावातल्या लहान सॉफ्टवेअर पेढ्यांना, गेल्या दहा वर्षांत हळूहळू उमगत गेली.

जून २०१६ मध्ये ॲमेझॉनने आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग उघडला; मायक्रोसॉफ्ट त्याच्या आदल्या वर्षी आली होती, गूगल पुढच्या वर्षी आली. डेटाबेस आता तासाच्या दराने मिळू लागला. ग्राहकांच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा डेटाबेस अहोरात्र चालू असणे क्रमप्राप्तच आहे. परंतु त्याच्या मागे डेव्हलपमेंटचा एक, टेस्टिंगचा एक, ग्राहकाला डेमो दाखवण्यापुरता एक, असा परिवार वाढत जातो, आणि त्या प्रत्येकाचे मीटर स्वतंत्र चालते. सकाळी दहा ते रात्री आठ, आठवड्याचे पाच दिवस, इतका वापर धरला तरी तो पन्नास तासांचा. आठवडा १६८ तासांचा. म्हणजे शेकडा सत्तर भाडे कोणी हात न लावलेल्या यंत्राचे.

जून २०१७ मध्ये ॲमेझॉनने आरडीएस या आपल्या डेटाबेस-सेवेतील डेटाबेस तहकूब ठेवण्याची सोय दिली. साठवणुकीचे भाडे चालू राही, ते रास्तच होते. यंत्राचे मात्र थांबे. या सवलतीला सात दिवसांची मुदत आहे: दुरुस्त्या आणि सुधारणा मागे पडू नयेत म्हणून सात दिवसांनी डेटाबेस आपोआप सुरू होतो. ही अट आपल्या भागाला विशेष जाचक ठरते. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी डेटाबेस बंद करून मंडळी कोकणात गावी गेली, तर अनंत चतुर्दशीच्या आतच, लालबागचे रस्ते भाविकांनी तुडुंब भरलेले असताना, तो जागा होऊन भाडे आकारू लागतो. ज्यांनी बंद करण्याची आज्ञा सुट्टी असो वा नसो रोज रात्री आपोआप सुटेल अशी तजवीज केली, त्यांचीच यातून सुटका झाली.

खरे स्थित्यंतर घडले ते साठवण आणि गणनशक्ती ही दोन वेगळी केल्यामुळे; माहिती जागच्या जागी ठेवून यंत्र पूर्णपणे मागे घेता येऊ लागले. २०१८ साली आलेल्या ॲमेझॉनच्या ऑरोरा सर्व्हरलेस या डेटाबेसला काम नसताना शून्यावर जाता येत होते, आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या एसक्यूएल डेटाबेसला आपोआप थांबण्याची युक्ती दिली. मात्र एप्रिल २०२२ मध्ये रुजू झालेल्या ऑरोरा सर्व्हरलेसच्या दुसऱ्या आवृत्तीने गणनशक्तीच्या किमान अर्ध्या एककाचे भाडे कायम केले. व्हर्जिनिया विभागाच्या तेव्हाच्या दराने ते महिन्याला सुमारे ४४ डॉलर होई, आणि तेही प्रत्येक डेटाबेसामागे! अधूनमधून काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही माघारच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये शून्य पुन्हा मिळाले.

तरीही बिल उतरत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तिचे मूळ बहुधा एकाच ठिकाणी सापडते. जोडणी उघडी असेतोवर ऑरोराचा हा डेटाबेस निजत नाही. आणि ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल काम नसतानाही चार-पाच जोडण्या धरून बसलेला असतो, किंवा देखरेखीचे एखादे साधन दर मिनिटाला डेटाबेस जिवंत आहे ना, हे विचारून त्याला निजू देत नाही. पूलमधील किमान जोडण्या शून्यावर आणाव्या आणि डेव्हलपमेंटपुरती ती देखरेख थांबवावी. सकाळची पहिली जोडणी मिळायला सुमारे पंधरा सेकंद लागतात, दिवसाहून अधिक झोपेनंतर तीस किंवा अधिकही. तेवढी मुदत ॲप्लिकेशनमध्ये धरली नाही, तर सोमवारी सकाळी सर्वांसमोर त्रुटीचा संदेश उभा राहतो.

शून्यावर जाणारा डेटाबेस सर्वांनीच घ्यावा, असेही नाही. जेथे वापर रोज ठराविक वेळीच होतो, तेथे साधे लहान यंत्र वेळापत्रकाने चालू-बंद करणे अधिक स्वस्त पडते, कारण सर्व्हरलेसचा तासाचा दर चढा असतो. जेथे महिन्यातून चार दिवसच, तेही अनियमित, काम निघते, तेथे मात्र सर्व्हरलेसला तोड नाही. पण या दोहोंच्याही आधी प्रत्येक पेढीने आपल्या डेटाबेसांची यादी करून प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आणि अखेरची तारीख लिहावी, आणि ज्याच्यापुढे कोणाचेच नाव लागत नाही, तो एक प्रत काढून ठेवून या महिन्यातच काढून टाकावा.