खाडीतील रान आणि वल्ह्याची नाव

पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. भरती-ओहोटीशी येथील शेतकऱ्याचा संबंध येत नाही. तथापि या भागातील ओढ्यानाल्यांचे पावसाळी पाणी अखेर गोदावरीस मिळते आणि गोदावरी ते आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन बंगालच्या उपसागरास अर्पण करते. नदीच्या मुखाजवळ, काकीनाडा शहरानजीक कोरिंगा येथे, गोड्या व खाऱ्या पाण्याच्या मिलाफावर एक विस्तीर्ण रान उभे आहे. १९७८ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर असून पाणमांजर व मासे धरून खाणारे रानमांजर यांचे ते घर आहे. अशा रानास आपल्या कोकणात खारफुटी अथवा कांदळवन म्हणतात.

खाऱ्या चिखलात झाड कसे जगते?

चोपण जमिनीचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यास हा प्रश्न सहज सुचेल. क्षार वाढले की ज्वारी खुरटते. शेतात पाणी साचून वाफसा आला नाही की मुळांना हवा न मिळून कापूस पिवळा पडतो. खाडीकाठी तर ही दोन्ही संकटे बारमाही आहेत. तेथील झाडांनी त्यांवर उपाय योजले आहेत. तिवर नावाचे झाड चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे वर काढते व त्यांवाटे हवा घेते. अंगात आलेले जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. ऊन पडले की पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. कांदळ हे झाड खोडापासून कमानीसारखी आधारमुळे सोडते. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते व लांबट कोंब होऊन खाली पडते, म्हणजे भरतीच्या पाण्याबरोबर वाहून जाण्यापूर्वी त्यास चिखलात पाय रोवता यावा.

या मुळांच्या जाळ्यात कोळंबी, चिंबोरी व अनेक माशांची पिले वाढतात. वादळी लाटांचा जोर येथे मोडतो व किनाऱ्याची धूप कमी होते. म्हणून कांदळवन तोडणे म्हणजे मासळीचे बियाणे मोडणे होय. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवन तोडण्यास मनाई केली व २०१८ साली तो निर्णय कायम केला. २०१२ साली शासनाने वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०२१ च्या भारतीय वन सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते.

वल्ह्याच्या नावेचा लाभ

असे रान पायी पाहता येत नाही. चिखलात पाय रुततो. यंत्राच्या नावेने गेल्यास आवाजाने पक्षी उडतात आणि पाण्यावर तेल पसरते. म्हणून देशोदेशी कयाक नावाची अरुंद, हलकी नाव वापरतात. तीत एक किंवा दोन माणसे बसतात व दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती हाकतात. मूळची ही नाव उत्तर ध्रुवाजवळच्या शिकारी लोकांची; सावजाजवळ निःशब्द पोचण्यासाठी त्यांनी ती बनविली. आज तीच निःशब्दता वन्यजीव पाहण्याच्या कामी येते. अरुंद ओहोळातून माहितगार वाटाड्या पुढे व पाहुणे मागे अशी रांग चालते. खंड्या, बगळे, चिखलावर उड्या मारणारे निवटे व बिळातून डोकावणारे खेकडे जवळून दिसतात. भरतीची वेळ मात्र जाणून घ्यावी लागते. ओहोटी लागली की नाव चिखलात अडकते.

वेंगुर्ल्याच्या महिलांचे उदाहरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले येथील स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ साली मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. कयाकऐवजी त्यांनी आपल्या परिचयाची होडी घेतली व वल्हे स्वतःच्या हाती धरले. झाडे व पक्षी ओळखण्याचे शिक्षण घेऊन त्या पाहुण्यांस माहिती सांगू लागल्या. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खाडी त्यांना नवी नव्हती. लहानपणापासूनच्या ज्ञानास शिस्त लावली आणि त्यातून मोबदला उभा राहिला. ज्या रानाचे उभे राहणे म्हणजे घरात चार पैसे येणे, ते रान राखण्यास वेगळा पहारेकरी लागत नाही.

आपल्या भागास बोध

परभणी जिल्ह्यात खाडी नाही, परंतु गोदावरी आहे. पालम तालुक्यात तिच्या पात्रात जांभूळबेट हे झाडीचे बेट आहे व तेथे जाण्यास नाव लागते. ते कांदळवन नव्हे. तरी हाताने वल्हवलेली नाव, माहितगार वाटाड्या व शांतता ही तिन्ही तत्त्वे तेथेही लागू पडतात. असा उद्योग मनात धरणाऱ्या तरुणांस अथवा बचत गटास ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात :

(१) ग्रामपंचायत, महसूल, वन व पाटबंधारे खात्यांकडे प्रथम चौकशी करून आवश्यक ती परवानगी घ्यावी.

(२) पुराच्या दिवसांत व वरील धरणातून अथवा बंधाऱ्यातून पाणी सोडल्याची सूचना असता नाव काढू नये.

(३) प्रत्येक माणसास तरंगते जाकीट द्यावे. नावेच्या क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये, मग तो ओळखीचा का असेना.

(४) विणीच्या काळात घरट्यांपासून दूर राहावे. प्राण्यांस खाऊ घालू नये.

(५) जमाखर्च सर्व सभासदांपुढे वाचून दाखवावा. मोठी नाव कर्जाने घेण्याऐवजी लहान नावेने आरंभ करावा.

शेती सोडून हा धंदा करावा असे येथे सुचवावयाचे नाही. तो जोडधंदा आहे व पाहुणा येईल तेव्हाच चालणारा आहे. परंतु नदी सर्वांची आहे. फवारणीचा पंप किंवा औषधाचा रिकामा डबा ओढ्यात धुतला तर ते विष प्रथम आपल्याच गुरांच्या पाणवठ्यास व खालच्या गावाच्या मासळीस बाधते. नदीच्या शेवटी रान आहे व त्या रानावर पोट भरणारी माणसे आहेत. शेतकरी बंधूंनी या गोष्टीचे भान ठेवून आपला ओढा स्वच्छ राखावा. त्याचा पहिला लाभ आपल्याच गावास मिळेल.