होडी ओढायचा पट्टा कधी बदलावा, कोणता घ्यावा?

वाकोला : मे महिना अर्धा सरला की वाकोल्यातल्या कोकणी घरांमध्ये गावाहून फोन सुरू होतात. कुणाचं गाव श्रीवर्धनकडे, कुणाचं हर्णैकडे, कुणाचं रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात. आंब्यांची पेटी कधी पाठवू हे विचारून झालं की दुसरा विषय निघतो, "होडी वर काढायचीय, येताना मुंबईहून विंचचा पट्टा घेऊन ये." १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्याआधी होडी ओढून, शाकारून ठेवायची असते.

पूर्वी खाली ओंडके टाकून पंधरा-वीस जण होडी ओढायचे. आता तरणी पोरं मुंबईत नाहीतर आखातात, मग छोट्या फायबरच्या होडीला चाकांची ट्रॉली आणि हाताने फिरवायचा विंच हाच आधार. सगळा भार येतो तो दोन इंच रुंद पट्ट्यावर. आणि सगळ्यात शेवटी बदलला जातो तोही हाच. इंजिनाचं ऑइल वेळेवर, रंग दरसाल. पट्टा मात्र तुटेपर्यंत चालवायचा.

गेल्या वर्षी आमच्या मामूंचा तुटला. होडी अर्धी ट्रॉलीवर आली होती. हुकाजवळची शिलाई उसवली, होडी मागे घसरली आणि मोकळा पट्टा सपकन विंचवर आपटला. मामूंचा नातू नेमका त्याच रेषेत उभा होता, मिनिटभर आधी त्याला पाणी आणायला पाठवलं म्हणून वाचला. नंतर पट्टा हातात घेऊन पाहिला, तर शिलाईचा दोरा बोटाने चुरडला जात होता. वरून पट्टा धडधाकट दिसत होता, हे विशेष.

म्हणून तपासताना पट्टा पूर्ण उलगडा. आपण बघतो ती वरची दोन-तीन हात लांबी, पण खारं पाणी ड्रमवरच्या आतल्या वेढ्यांत मुरतं. शिलाई तुटलेली, कडेला काप गेलेला, उन्हाने रंग उडून पट्टा कडक झालेला किंवा वितळल्यासारखा चकाकणारा डाग, यातलं एक जरी दिसलं तरी पट्टा बाद. हुकाचं तोंड उघडलं असेल किंवा त्याची पत्री गेली असेल तर तोही बदला. तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून काम भागवणारे खूप आहेत. गाठीने त्याची ताकद जवळपास अर्धी होते.

आता घ्यायचा कोणता? पॉलिएस्टरचा. नायलॉन मजबूत असतो, पण ओला झाला की थोडा कमजोर पडतो आणि ताणला जातो. ताणलेला पट्टा तुटला की गलोलीसारखा परत येतो. तिसरा प्रकार पॉलिप्रोपिलीन, स्वस्त आणि हलका, पण उन्हात लवकर कुजतो. दुकानात ओळखायचा कसा? त्याच्या टोकाचा छोटा तुकडा पाण्याच्या ग्लासात दाबून, हवा काढून सोडा. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही बुडतात, त्यासाठी लेबल वाचावंच लागेल. लेबलच नसेल तर तो पट्टा घेऊ नका.

लेबलवरचा आकडाही नीट वाचा. दुकानदार "पाच टनी" म्हणतो तेव्हा अनेकदा तो पट्टा तुटण्याचा आकडा असतो, रोजच्या कामाचा नव्हे. कामाचा भार साधारण त्याच्या एक तृतीयांश धरतात. आता हिशेब करू. होडी, इंजिन, जाळी मिळून ९०० किलो. सहा फुटाला एक फूट चढ असेल तर नुसता चढ १५० किलो ओढ मागतो, त्यात रोलरचं घर्षण. रोलर गंजून फिरेनासे झाले, होडी लाकडावर घासत आली, तर हीच ओढ ६०० किलोपर्यंत जाऊ शकते. होडीत पाणी साचलं असेल तर १०० लिटरला १०० किलो आणखी. म्हणून पट्ट्याचा कामाचा भार भरल्या होडीच्या वजनाइतका तरी हवा, आणि विंचवर लिहिलेल्या भारापेक्षा कमी नको.

रुंदी ड्रमच्या मापाची घ्या, कडेला घासला तर लवकर कापला जातो. लांबी मोजताना होडी ट्रॉलीमागे तरंगत असताना ड्रमपासून नाळेच्या कडीपर्यंतचं अंतर घ्या, वर तीन वेढ्यांची लांबी धरा. पट्टा पूर्ण सोडला तरी ड्रमवर दोन-तीन वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा जोर एका बोल्टवर येतो.

खरेदीला सांताक्रूझहून हार्बरची गाडी सोयीची. मस्जिदला उतरलात तर नागदेवी स्ट्रीट, नवा माल तिथे बघा. रे रोडला उतरलात तर दारूखाना. तिथे जहाजांच्या जुन्या सामानात हुक-साखळ्या चांगल्या मिळतात, पण जुना पट्टा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. त्याने किती उन्हं पाहिलीत कोण सांगणार?

बदलायचं काम अर्ध्या तासाचं. होडी ट्रॉलीवर नसेल तर उत्तम. असेल तर चाकांना दगड लावा, नाळेला साखळी आणि मागच्या बाजूला दोर बांधा, मगच पट्टा सैल करा. जुना कोणत्या बाजूने ड्रमवर येत होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा. उलटा गुंडाळला तर खटका धरत नाही. बोल्ट गंजला असेल तर तोही नवा, सोबत लॉकनट. मग हुक एखाद्या खांबाला अडकवून, पट्टा ताणात ठेवून गुंडाळा. सैल गुंडाळलात तर पहिल्याच ओढीला वरचा वेढा खालच्यात रुतून बसतो.

ओढताना पोराटोरांना पट्ट्याच्या रेषेतून बाजूला करा, होडीच्या मागे तर कुणीच नको. साध्या विंचला ब्रेक नसतो. होडी उतरवताना खटका उचलून दांडा हातातून सोडला तर तो गरगर फिरतो आणि मनगट मोडतो. आणि रस्त्याने होडी न्यायची असेल तर एकट्या पट्ट्यावर विसंबू नका, पुढे साखळी आणि मागे दोन्ही बाजूंना बांधायचे पट्टे वेगळे लागतात.

काम झालं की पट्टा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि पावसाळाभर घरात ठेवा. जुन्याचे मात्र कात्रीने तुकडे करा. पडवीत तसाच लटकत राहिला तर पुढच्या मे महिन्यात कुणीतरी तोच उचलून नेईल. तुकडे होडी आणि ट्रॉलीच्या लोखंडामध्ये घालायला कामी येतात, फायबरला ओरखडा पडत नाही.