हिरवं ते सगळं झाडच नव्हे

यावल-रावेरकडे उन्हाळ्यात गुरांचा हौद पंधरा दिवस उपसला नाही, तर पाणी हिरवं पडतं. ‘शेवाळ धरलं’ म्हणून आपण मोकळे होतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्याचा थेंब ठेवला, तर हिरव्या ठिपक्यांतले काही चक्क पोहताना दिसतात. युग्लीना हा एकपेशीय जीव अशा साचलेल्या, शेण-पालापाचोळ्याच्या पाण्यात सर्रास सापडतो.

हिरवं म्हणजे उन्हावरच जगणारं, हा पहिला गैरसमज. युग्लीना उन्हात स्वतःचं अन्न बनवतो, शिवाय पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्यंही शोषतो. त्यातली ग्रॅसिलिस ही जात अंधारात ठेवली की हिरवेपणा टाकते आणि तरी जगते. उजेडात आणली की पुन्हा हिरवी. ‘अर्धी वनस्पती, अर्धा प्राणी’ हे वर्णनही सोडून द्यायला हवं. तो दोन्हींत बसत नाही. त्याच्या पूर्वजाने कधीकाळी एक हिरवं शैवाल गिळलं, पण पचवलं नाही. आजचं त्याचं हरितलवक तिथून आलं.

असे दोन्ही प्रकारे पोट भरणारे, म्हणजे मिश्रपोषी जीव हा निसर्गातला अपवाद, असंही वाटतं. तसं नाही. डायनोब्रायॉन हे गोड्या पाण्यातलं शैवाल तर जिवाणू अख्खे गिळतं. 1986 साली बर्ड आणि काल्फ या संशोधकांनी कॅनडातल्या एका सरोवरात मोजलं, तेव्हा एकेक पेशी पाच मिनिटांत सुमारे तीन जिवाणू फस्त करत होती.

आता खरा प्रश्न. ऊन फुकट मिळत असताना शिकार कशाला? पोट भरत नाही म्हणून, हे उत्तर बरेचदा अपुरं ठरतं. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या खानदेशाला हे समजावून सांगावं लागू नये. ऊन कितीही असो, नत्र आणि स्फुरद मिळालं नाही तर पीक खुंटतं. उन्हातून साखर होते, प्रथिनं होत नाहीत. पाण्यात ही द्रव्यं विरळ असली, तरी जिवाणूच्या इवल्या देहात ती दाटून भरलेली असतात. म्हणजे या शैवालासाठी जिवाणू हा घास आहे, आणि खताची गोणीही. मला या जिवांचं अप्रूप वाटतं ते यासाठी.

तापी ज्या अरबी समुद्राला मिळते, तिथे उलटा प्रकार आहे. हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाला स्वतःचं हरितद्रव्य नाही. त्याच्या पोटातल्या पोकळीत हजारो हिरवी शैवालं पोहतात, अन्न बनवून त्याला देतात. तरीही तो बाहेरचे जीव गिळतोच. 2000 नंतर हिवाळ्यात तिथे त्याचे प्रचंड थर पसरू लागले.

राहिला हौद. हिरव्या पाण्यात युग्लीनाच असेल असं नाही. नीलहरित जिवाणूही पाणी हिरवं करतात आणि त्यांतले काही गुरांना विषारी ठरतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. हौद उपसून, घासून, उन्हात वाळवून मगच भरावा.